निसर्ग किती पावलांवर?

निवृत्तीचा दिवस जवळ येऊ लागला, की अनेकांच्या मनात एक घर आकार घेऊ लागते. गावाबाहेरची शांत जागा, भोवती ऐसपैस बाग, वरच्या मजल्यावर गच्ची आणि समोर मावळता सूर्य. बँकेच्या सेवेत असताना अशा कितीतरी घरांचे नकाशे गृहकर्जाच्या फाइलींतून माझ्या टेबलावर आले. नकाशे देखणे असत. परंतु बहुतेक घरे साठीतल्या माणसासाठी आखलेली असत. त्याच घरात ऐंशीव्या वर्षी कसे वावरता येईल, याचा विचार त्यांत क्वचितच दिसे.

म्हणूनच निसर्गाशी जोडलेले घर मोजण्याचे माझे माप साधे आहे. गुडघे साथ देईनासे झाल्यावर आपल्या पलंगापासून किती पावलांवर ऊन, वारा, पाऊस आणि एखादे झाड भेटते? वीस पावलांच्या आत जे भेटते, तेच अखेरपर्यंत आपले राहते.

प्रारंभ खिडकीपासून करावा. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत, उरलेल्यांना विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. अंथरुणावरून दिसणारे झाड ही निव्वळ हौस नव्हे, हे यावरून ध्यानी यावे. आपल्याकडे खिडकीची बैठक बहुधा तीन फुटांवर असते. शयनगृहात ती दोन-सव्वादोन फुटांवर आणली, तर पडल्या पडल्याही अंगण दिसते. सुरक्षेसाठी गज आणि डासांसाठी जाळी मात्र हवीच.

यानंतर सूर्याचा विचार. पुणे-सातारा परिसरात मे महिन्याच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे पुष्कळ कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा दिला, की उन्हाळ्यात सावली मिळते आणि हिवाळ्यात कोवळे ऊन खोलीत शिरते. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, छज्जा त्याला अडवू शकत नाही. त्या बाजूस जिना, कोठीची खोली, स्नानगृह किंवा दाट झाड असावे. बसण्याची ओसरी पूर्वेला उत्तम. तिथे सकाळचे ऊन येते, दुपारी सावली असते आणि पश्चिमेकडून येणारा पाऊस अंगावर न घेता पाहता येतो. आपल्या जुन्या वाड्यांतील चौक आणि ओसरी यांमागे हेच शहाणपण होते.

पाऊस केवळ पाहण्यासाठी नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. पुण्याचा सरासरी पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी हजार चौरस फुटांच्या छपरावरून वर्षाला सुमारे ५२,००० लिटर पाणी हाती येते. ते टाकीत किंवा विहिरीत उतरवले, तर बागेचा मोठा भार हलका होतो.

बाग मात्र आपल्या शक्तीच्या बेताची असावी. कमरेइतके उंच, विटांनी बांधलेले दोन वाफे असले, की न वाकता मेथी-कोथिंबीर लावता येते. दाराशी पारिजातक, बकुळ आणि कढीपत्ता असावा. वड-पिंपळ भिंतीपासून दूरच बरे. अंगणात उतरायला पायऱ्यांसोबत उतारही हवा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी या हिशेबाने दीड फुटांच्या जोत्यासाठी अठरा फूट लागतात. ही जागा नकाशातच राखावी, नंतर ती सापडत नाही. दरवाजे तीन फूट रुंद, फरशी न घसरणारी आणि शयनगृह तळमजल्यावरच असावे.

बँकेतल्या माणसाने पैशाविषयी न बोलणे बरे दिसणार नाही. घर हे असे धन आहे, की रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी त्याची एक खोली मोडता येत नाही. औषधोपचारांची आणि दरमहाच्या खर्चाची तरतूद आधी, घर नंतर. शेतजमीन स्वस्त दिसली, तरी महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास ती सहसा घेता येत नाही. तेव्हा जागा बिनशेती आहे का, हे कागदोपत्री पाहावे. रुग्णालय, किराणा आणि चार ओळखीची माणसे जवळ नसतील, तर सर्वांत सुंदर देखावाही वर्ष-दोन वर्षांत एकाकी वाटू लागतो.

ज्यांना फ्लॅटमध्येच राहायचे आहे, त्यांनीही निराश होऊ नये. गॅलरी बंद करून खोली वाढवण्याचा मोह टाळला, तर तीच आपली ओसरी ठरते.

ज्यांची जागा अजून मोकळी आहे, त्यांनी वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वी एक खुर्ची घेऊन तिथे बसावे. मे महिन्यातील दुपारी तीन वाजता एकदा आणि जुलैच्या भर पावसात एकदा. ऊन कुठून पोळते, वारा कुठून येतो, पाणी कुठे साचते, हे ती जमीन स्वतःच सांगेल. आणि उठताना स्वतःला विचारावे : ऐंशीव्या वर्षी मी इथवर एकट्याने चालत येऊ शकेन का?