जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी



उसाची तोड लावणीच्या तारखेवर ठरते आणि ती तारीख कारखान्याला नोंदीवरून कळते. म्हणून गट ऑफिसातली नोंद मुख्य ऑफिसात वेळेवर पोचावी, याला आम्ही शेती विभागाचे लोक फार जपतो. नोंद मागे राहिली की तोडणी प्रोग्रॅममध्ये नाव मागे जाते, ऊस रानात वाळतो, वजन घटते. नुकसान सभासदाचे होते.

हा विचार नवा नाही. १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत संगणकाचे जाळे नेऊन ऊस उत्पादकाला माहिती गावातच मिळावी, असा प्रयोग झाला. तेथेच पुढे २००७ च्या सुमारास काही गावांत हेच काम मोबाइलच्या संदेशावर करून पाहिले गेले. मतलब हा की, संगणक नुसता टेबलावर असून भागत नाही. तो जोडलेला पाहिजे.

गट ऑफिसात, तसेच कित्येक सभासदांच्या घरी, जुने डेस्कटॉप आहेत. त्यांना वायर जोडायची सोय आहे, वाय-फाय नाही. मग 'नवीनच घ्या' असा सल्ला लगेच मिळतो. आमचे म्हणणे, आधी काही शे रुपयांचे वाय-फाय कार्ड लावून बघा. जू मोडले म्हणून कोणी धडधाकट बैल बाजारात नेत नाही.

कार्डाचे मुख्य प्रकार दोन. पहिले यू.एस.बी.चे, पेन ड्राइव्हसारखे बाहेरून लावायचे. दुसरे पेटी उघडून आतल्या खाचेत बसवायचे. त्यात पुन्हा जुनी पी.सी.आय. खाच आणि नंतरची पी.सी.आय. एक्स्प्रेस खाच वेगवेगळी. एकीचे कार्ड दुसरीत बसत नाही. म्हणून आधी पेटी उघडून खाच बघावी, मग दुकानात जावे. उघडण्यापूर्वी वीज बंद करून प्लग काढावा.

स्वस्त कार्डे बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्याला कमीपणा मानू नये. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे पोच कमी. नोंदीचा फॉर्म भरायला २.४ पुष्कळ झाले. मात्र राउटरवर २.४ चालू आहे ना, हे पाहावे. डब्यावर छापलेला वेग प्रत्यक्षात मिळत नाही, हेही धरून चालावे.

जागा महत्त्वाची. पत्र्याची भिंत, लोखंडी कपाट आणि संगणकाची स्वतःची पेटीसुद्धा लहरी अडवते. यू.एस.बी. कार्ड पेटीच्या मागे खोचण्यापेक्षा हात-दोन हात एक्स्टेन्शन वायर लावून टेबलावर आणावे, फरक लगेच दिसतो. ओला हिरवा पाला या लहरी शोषतो. म्हणून वजनकाट्याची केबिन आणि ऑफिस यांच्यामध्ये आडसाली ऊस उभा असेल तर पावसाळ्यात जोड ढिली पडते, तोड झाल्यावर सुधारते. अशा ठिकाणी, आणि जिथे वायर ओढता येते तिथे, वायरच ओढावी; १०० मीटरपर्यंत साधी नेटवर्क केबल चालते.

कार्ड ओळखायला संगणकाला ड्रायव्हर लागतो. नेट नसलेल्या संगणकावर तो उतरवणार कसा? दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हमध्ये आणावा. आपल्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळतो का, हे दुकानदाराला आधीच विचारावे. न चालल्यास परत घेण्याचे बिलावर लिहून घ्यावे.

एक गोष्ट मात्र कार्डाने सुटत नाही. विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला. असा संगणक नेटवर आणला म्हणजे बांधाचे कुंपण पाडून पीक उभे ठेवल्यासारखे. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. जमल्यास मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली घालावी. कित्येक कार्डे तीत वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात.

संगणक चालूच होत नसेल, वारंवार बंद पडत असेल, तर त्यावर खर्च करू नये. पण नुसते नेट नाही म्हणून चांगले यंत्र भंगारात घालू नये. कारखान्याचा खर्च म्हणजे शेवटी आपल्याच टनावरचा पैसा. तो वाचला आणि नोंदही वेळेवर पोचली, तर दोन्हीकडून फायदा सभासदाचाच आहे.