मुंबईतील जुन्या इमारतींच्या सागवानाचे फर्निचर

मुंबईतील जुन्या चाळी, बंगले, गोदामे व गिरण्या पाडताना निघणाऱ्या सागवानी लाकडापासून नवे फर्निचर घडवणे हा शाश्वत फर्निचर-रचनेचा एक प्रकार होय. गिरगाव, दादर, परळ, लालबाग व भायखळा या भागांतील इमारती हा अशा लाकडाचा महत्त्वाचा स्रोत आहे. या प्रकारात वास्तूकडून दोन गोष्टी घेतल्या जातात. एक म्हणजे प्रत्यक्ष लाकूड आणि दुसरी म्हणजे ते जोडण्याची, हवा खेळती ठेवण्याची व कमी जागेत भागवण्याची रीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सागाचे शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस असे आहे. त्यातील नैसर्गिक तेलामुळे व इतर घटकांमुळे त्याला वाळवी व कुजण्याचा उपद्रव कमी होतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जहाजबांधणीकारांनी सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ मध्ये जलावतरण झालेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या. कामगारांसाठी व नोकरदारांसाठी चाळी उभ्या राहू लागल्या आणि इमारती लाकडाची मागणी वाढली. ब्रह्मदेशातील सागवानाचा व्यापार करणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ मध्ये स्थापन झाली. या कंपनीवर ब्रह्मदेशाच्या दरबाराने बसवलेला दंड हे १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरले. युद्धानंतर पदच्युत झालेल्या थिबा राजाला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवण्यात आले व तेथेच १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. मुंबईत 'बर्मा टीक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाकडाचा इतिहास असा एका राज्याच्या अस्ताशी जोडलेला आहे.

इमारतींची रचना

लाकडी सांगाड्याच्या चाळीत खांब व तुळया यांचा सांगाडा उभारून मधल्या भागात विटांच्या भिंती घालत. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांवर चुन्याचा थर व लाद्या अशी जमीन तयार होई. बाहेरच्या बाजूस लाकडी कठड्याची सामाईक गॅलरी असे. छप्पर बहुधा उतरते व कौलारू असे. काही गिरण्यांत बिडाच्या खांबांवर लाकडी तुळया टाकलेल्या होत्या.

या सांगाड्यातील अनेक सांधे एका लाकडाचे टोक दुसऱ्यातील खाचेत बसवून, पाचर किंवा खुंटी ठोकून केलेले असत. असा सांधा लाकूड न फोडता सोडवता येतो. त्यामुळे शंभर वर्षांनी इमारत उतरवली, तरी तुळई अखंड हाती लागते. याउलट १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी काँक्रीटच्या असल्याने त्यांच्या सांगाड्यातून असे लाकूड मिळत नाही.

लाकडाचा प्रवास

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठली आणि अनेक मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली. १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन अशा इमारतींच्या दुरुस्तीची व्यवस्था करण्यात आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला व गिरण्यांच्या जमिनींच्या वापरबदलाला चालना मिळाली. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या इमारतीही पुढे पाडल्या गेल्या.

पाडकामातून निघणारे लाकूड सहसा पाडकामाच्या कंत्राटदाराकडून जुन्या लाकडाच्या वखारीत जाते व तेथे घनफुटावर विकले जाते. जुने दरवाजे, खिडक्या व तयार फर्निचर यांसाठी चोर बाजार व जोगेश्वरीतील ओशिवरा येथील बाजार प्रसिद्ध आहेत. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्याने जुन्या बर्मा सागवानाचे महत्त्व आणखी वाढले.

कारखान्यात प्रथम खिळे व स्क्रू शोधून काढले जातात, कारण आत राहिलेला एक खिळाही करवतीचे पाते मोडू शकतो. भिंतीत गाडलेली व मोरीजवळची टोके ओलाव्याने कुजलेली असल्यास कापून टाकतात. नंतर रंधा मारून वरचा काळवंडलेला थर काढला जातो. दीर्घकाळ वाळलेले असल्याने हे लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी वाकते वा फाटते. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. त्यामुळे रंग कोरडा घासणे टाळावे लागते व कारागिरांना धुळीपासून संरक्षण द्यावे लागते.

वास्तूतून आलेले आकार

तुळया व कड्या यांपासून मेजांचे पृष्ठभाग, बाके व पलंग तयार होतात. कठड्याचे कातीव दांडे मेजाचे पाय किंवा मांडणीचे उभे आधार बनतात. गॅलरी पेलणाऱ्या लाकडी आधारांचा उपयोग भिंतीवरील फळ्यांसाठी होतो. मुंबईच्या दमट पावसाळी हवेत बंद कपाटातील कपड्यांना बुरशी येते. जुन्या खिडक्यांच्या तिरप्या पट्ट्यांची झडप कपाटाच्या दाराला लावल्यास आत हवा खेळती राहते.

चाळीच्या एका खोलीत अख्खे कुटुंब राहत असल्याने एका वस्तूचे अनेक उपयोग होत. पोटमाळा, भिंतीतील फडताळ, खाली पेट्या सरकवता येणारा पलंग व उचलून ठेवता येणारा पाट ही त्याची उदाहरणे आहेत. लहान सदनिकांसाठी फर्निचर आखताना हीच काटकसर उपयोगी पडते.

दुसरी प्रेरणा आर्ट डेको शैलीची आहे. मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदान परिसरातील या शैलीच्या इमारतींचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दादर, शिवाजी पार्क व माटुंगा येथेही या शैलीच्या निवासी इमारती आहेत. गोलसर कोपरे, आडव्या समांतर पट्ट्या व पायऱ्यांसारखे टप्पे ही त्यांची वैशिष्ट्ये कपाटे, आरसे व मेजांवर दिसतात.

पर्यावरणीय महत्त्व

एक घनमीटर सागवानाचे वजन साधारण ६५० किलो भरते आणि कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे अर्धा भाग कार्बन असतो. म्हणजे तेवढ्या लाकडात सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन साठलेला असतो. लाकूड जाळल्यास तो हवेत परततो, वापरात राहिल्यास साठून राहतो. बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार मोठ्या पाडकामांत लाकूड इतर कचऱ्यापासून वेगळे करणे अपेक्षित होते.

मात्र केवळ जुने लाकूड वापरल्याने फर्निचर शाश्वत ठरत नाही. तेच लाकूड कायमच्या गोंदाने प्लायवूडला चिकटवले, तर पुढच्या पिढीला ते सुटे करता येत नाही. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे कपाट पाणी लागताच फुगते व सहसा दुसऱ्यांदा जोडता येत नाही. चाळीची तुळई आज उपयोगी पडते ती ज्या सुताराने सुटणारा सांधा केला त्याच्यामुळे. सांधा सुटण्याजोगा ठेवणे हे या रचनेचे मुख्य तत्त्व मानता येते.

मर्यादा

हे लाकूड मर्यादित आहे. जुन्या इमारती संपतील तसा त्याचा पुरवठाही संपेल. 'जुने सागवान' म्हणून नवे लाकूड रंगवून विकले जाण्याचा धोका असतो. खिळ्यांची भोके, जुन्या खाचा व घट्ट रेषा यांवरून पारख करता येते, परंतु त्यासाठी अनुभवी नजर लागते. मजुरी अधिक असल्याने अशा वस्तू महाग पडतात. परिणामी ज्या कुटुंबांनी त्या कठड्यांवर टेकून आयुष्य काढले, त्यांच्या नव्या घरात हे लाकूड क्वचितच पोहोचते.

वारसा-संवर्धनाच्या दृष्टीने आणखी एक आक्षेप महत्त्वाचा आहे. गिरगावातील खोताची वाडी येथील लाकडी व्हरांड्यांची घरे पूर्वीच्या निम्म्याहून कमी उरली आहेत. दुरुस्त होऊ शकणारी वास्तू लाकडाच्या किमतीसाठी पाडली गेली, तर तिच्यापासून घडलेल्या मेजाला शाश्वत म्हणता येणार नाही. म्हणून शक्य तेथे इमारतीची दुरुस्ती, ती अशक्य असल्यास काळजीपूर्वक उतरवणे आणि त्यानंतर लाकडाचा पुनर्वापर, हा क्रम योग्य ठरतो.