चिंचवडचा मंगलमूर्ती : दर्शनापासून देवस्थानापर्यंत

देवदर्शनाचे प्रकार

देव माणसाला प्रकट होतो तो एकाच रीतीने नव्हे. प्रत्यक्ष घडतो तो साक्षात्कार, स्वप्नात मिळतो तो दृष्टांत. जमिनीतून किंवा पाण्यातून वर येते ती स्वयंभू मूर्ती. आणि माणसाच्याच देहात देव वावरतो तेव्हा त्याला अंश किंवा अवतार म्हणतात. पवना आणि इंद्रायणीच्या खोऱ्यांत या बहुतेक प्रकारांच्या कथा आढळतात. देहूच्या तुकोबांना पांडुरंगासह नामदेव स्वप्नात आले, त्यांनी अभंगरचनेची आज्ञा केली. आणि खुद्द तुकोबांनी बहिणाबाईंना स्वप्नातच अनुग्रह दिला, असे त्या दोघांच्याच अभंगांत आहे.

मोरया गोसावींची कथा

गणेशभक्त मोरया गोसावी चिंचवडहून मोरगावच्या मयूरेश्वराची वारी करीत. वार्धक्यामुळे वारी अवघड झाली, तेव्हा ‘आता मीच चिंचवडला येतो’ असा दृष्टांत झाला आणि कऱ्हा नदीत स्नान करताना गणेशमूर्ती ओंजळीत आली, हीच मंगलमूर्ती, अशी परंपरा आहे. एरवी देवाचे दर्शन माणसाला पेलत नाही : विश्वरूप पाहण्यासाठी अर्जुनाला दिव्यदृष्टी घ्यावी लागली आणि तरीही तो भ्याला. ग्रीक पुराणातील सेमेली तर झ्यूसच्या तेजाने जळून गेली. चिंचवडचे प्रकटीकरण याच्या अगदी उलट आहे. इथे देव भक्ताचे कष्ट वाचवण्यासाठी लहान होतो. मोरयांनी पुढे पवनाकाठी संजीवन समाधी घेतली.

वंशात उतरलेला देव

गणेशाचा अंश सात पिढ्या घराण्यात राहील, अशी श्रद्धा या कथेला जोडली गेली. मोरयांचे पुत्र चिंतामणी यांच्या ठायी तुकोबांना गणेश दिसला व त्यांनी त्यांना ‘देव’ म्हटले, म्हणून घराण्याचे आडनाव देव झाले, असे सांगतात. एका क्षणाचे दर्शन असे वंशपरंपरागत झाले. हा प्रकार दुर्मीळ आहे, म्हणूनच एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये त्यावर लेख लिहिला. प्रवासलेखिका मारिया ग्रॅहम 1809 मध्ये चिंचवडला आली. नजर सोडता तिला घराण्यातील तेव्हाच्या देवांत इतर ब्राह्मणांहून वेगळे काही दिसले नाही. दर्शन पाहणाऱ्याच्या श्रद्धेवर किती अवलंबून असते, याचा हा चांगला नमुना.

श्रद्धेचा व्यवहार

देव घरात असल्यावर पूजा, अन्नदान, यात्रा हे सर्व ओघाने येते आणि त्यासाठी उत्पन्न लागते. वेगवेगळ्या सत्तांनी या घराण्याला इनामे दिली. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी 1989 च्या या घराण्यावरील ग्रंथात हाच जमीन-महसुलाचा पदर उलगडला आहे. भाद्रपद व माघ महिन्यांत मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते; म्हणजे वारी थांबावी म्हणून आलेला देव आता स्वतःच वारी करतो.

अभ्यासाची मर्यादा

सनद, शिलालेख, हिशेब यांवरून संस्थेचा इतिहास लिहिता येतो. कऱ्हेच्या पात्रात काय घडले हे त्यांवरून ठरत नाही. मोरयांच्या काळाबद्दलही अभ्यासकांत मतभेद आहेत. संस्था मात्र चालू आहे : मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या तीन अष्टविनायक स्थानांचा कारभार आज चिंचवड देवस्थान ट्रस्टकडे आहे.