सेकंदाला बादलीभर हवा

कर्जत स्टेशनावर पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी थांबली, की प्रवासी वडापावकडे धावतात आणि गाडीच्या शेपटाला बँकर इंजिनं जोडली जातात. १८६३ साली सुरू झालेल्या भोर घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. तो पुढच्या इंजिनाला एकट्यानं झेपत नाही. ही बँकर इंजिनं नुसती उभी असली तरी त्यांच्या पोटातून एक घोंघावणारा आवाज येत असतो. लहानपणी मला वाटायचं, चढाच्या आधीच इंजिनाला धाप लागलीय. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका शेजाऱ्यांनी पुढे उलगडा केला. ते म्हणाले, ‘‘धाप नव्हे हो, ते ब्लोअर. मोटरी तापून जळू नयेत म्हणून त्यांच्यावर वारा मारणारे पंखे.’’

हे शेजारी गेल्या मे महिन्यात फार उपयोगी पडले. माझ्या भाच्याचं खालापूरच्या बाजूला दाखले काढून देण्याचं छोटं केंद्र आहे. शेजारी भाताची गिरण. त्याचा संगणक सकाळी नीट चालायचा आणि दुपारी अकरानंतर आपोआप बंद पडायचा. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. एका दुरुस्ती करणाऱ्यानं मदरबोर्ड बदलायला सांगितलं. खर्च हजारांच्या घरातला होता.

त्या दिवशी मी तिथे बसलो होतो. डोंगरातल्या वाडीवरून एक कातकरी बाई दोन तास चालत आली होती. मुलीच्या वसतिगृहाच्या प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याचा अर्ज भरायचा होता. अर्ज अर्ध्यावर आला आणि पडदा काळा झाला. तिनं एवढंच विचारलं, ‘‘उद्या परत यावं लागंल का, दादा?’’ तिचा एका दिवसाचा रोज तर बुडालाच होता. भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘मामू, आता काय करू?’’ मी पडलो बी. ए. झालेला कवी. मी काय सांगणार? संध्याकाळी शेजाऱ्यांना घेऊन गेलो.

त्यांनी संगणकाची पेटी उघडली. मागचा पंखा बंद होता. बोटानं ढकलला तरी जेमतेम फिरायचा. पुढच्या जाळीवर कोंड्याच्या धुळीची गोधडीच बसलेली. शिवाय पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली. प्रोसेसरवरचा छोटा पंखा इमानेइतबारे फिरत होता, पण तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा घुसळत होता. अशा वेळी प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि उष्णता शंभर अंशांच्या आसपास गेली की जीव वाचवण्यासाठी यंत्रच बंद होतं. म्हणजे बिघाड वाटला तो खरं तर बचाव होता.

शेजारी म्हणाले, ‘‘पंखा थंडी तयार करत नाही, उष्णता वाहून नेतो.’’ हे वाक्य पक्कं लक्षात ठेवावं. खोलीत ३८ अंश असतील तर कितीही पंखे लावा, पेटीतली हवा ३८च्या खाली येणार नाही. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढ्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. २०० वॉट घेणारा संगणक म्हणजे शंभराचे दोन जुने बल्ब एका डब्यात कोंडल्यासारखं. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला साधारण १७ लिटर हवा बदलावी लागते. म्हणजे सेकंदाला बादलीभर. कचेरीतला साधा संगणक निम्मीही वीज घेत नाही. त्याला एक-दोन चांगले पंखे पुरतात. व्हिडिओचं काम किंवा मोठे खेळ असतील तर मात्र जास्त लागतात.

आता पंखा कोणता घ्यावा? आधी माप. ८०, ९२, १२० आणि १४० मिलिमीटर ही नेहमीची मापं चौकटीच्या बाजूची असतात, स्क्रूच्या भोकांमधल्या अंतराची नव्हेत. १२०च्या पंख्याच्या भोकांमधलं अंतर १०५ भरतं, ८०च्या पंख्याचं साडेएकाहत्तर. भोकं मोजून दुकानात ‘१०५चा पंखा द्या’ म्हणाल तर दुकानदार गोंधळेल. सोपा उपाय म्हणजे जुना पंखाच सोबत न्यावा.

पेटीत जागा असेल तर मोठा पंखा घ्यावा. तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा हलवतो. लहान पंख्याला त्यासाठी जोरात पळावं लागतं आणि आवाज तिथेच वाढतो. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनं चढतो. खोक्यावरचा हवेचा आकडा मोकळ्या जागेतला असतो. पुढे जाळी आली की तो घटतो.

मग बेअरिंग. स्लीव्ह बेअरिंग स्वस्त, पण उष्णतेत त्याचं तेल लवकर सुकतं आणि पंखा आडवा बसवला तर लवकर घरघरू लागतो. बॉल बेअरिंग टिकतं, आवाज थोडा जास्त. फ्लुइड बेअरिंग शांतही आणि टिकाऊही, दाम थोडे अधिक. घरघरणाऱ्या पंख्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब टाकून काही दिवस काढता येतात. खोबरेल मात्र घालू नये, ते चिकटून बसतं.

तिसरी गोष्ट जोडणी. हे पंखे १२ व्होल्टवर चालतात. तीन पिनांचा आणि चार पिनांचा असे दोन प्रकार असतात. चौथ्या पिनेवरून मदरबोर्ड पंख्याला गरजेनुसार वेग कमी-जास्त करायला सांगतो. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागी बसतो आणि चालतो.

बसवताना दिशा चुकू देऊ नका. हवा पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या असतात, त्या बाजूनं बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतो. आपल्या जुन्या घरांत वारा खालच्या दारातून येऊन वरच्या झरोक्यातून जायचा, तसाच हिशेब. पुढून खालून थंड हवा आत, मागून वरून गरम हवा बाहेर. दोन्ही पंखे समोरासमोर आत फुंकणारे लावले तर हवा जाणार कुठे? शंका असेल तर जाळीशी कागदाची पातळ पट्टी धरा. ती चिकटली तर हवा आत जातेय, फडफडली तर बाहेर येतेय.

काम सुरू करण्याआधी प्लग भिंतीतून काढा आणि पेटीच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. धूळ रंगाच्या मऊ ब्रशनं झाडा आणि हवा मारताना पाती बोटानं धरून ठेवा. वीजपुरवठ्याचा जो बंद डबा असतो, तो कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक दाब शिल्लक राहतो. त्याचा पंखा गेला तर जाणकाराकडेच द्यावा.

भाच्यानं १२०चा पंखा साडेतीनशे रुपयांना आणला. जाळी धुतली, पेटी कप्प्यातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवली. प्रोसेसरचे ९६ अंश ७०च्या आत आले. मदरबोर्ड होता तोच आहे. पंखा बदलूनही यंत्र बंद पडलं असतं, तर दोष दुसरीकडे शोधावा लागला असता, पण आधी स्वस्तातली शंका फेडून घ्यावी.

ती बाई पुन्हा चालत आली. भर दुपारी तिचा अर्ज गेला. पावती घडी करून तिनं पदराच्या टोकाला बांधली आणि परत निघाली. अर्ज गेला याचा आनंद मला झाला, पण पंख्यावरच्या धुळीपायी ती चार तासांची वाट तिला दोनदा तुडवावी लागली, याची खंत अजून जात नाही.

आपल्याकडे आगोटीची कामं ठरलेली असतात. कौलं चाळायची, लाकडं आत घ्यायची, मिरच्या-मसाले भरून ठेवायचे. पावसात कर्जत-खालापूरची हवा ओली होते आणि पेटीतली कोरडी धूळ चिखलासारखी घट्ट बसते. तेव्हा त्या यादीत आणखी एक काम जोडा. संगणकाची पेटी उघडून बघा, वारा वाहतोय ना.