रेडिओ-नियंत्रित मोटारगाडीच्या शक्तिवहन यंत्रणेचे संरक्षण

रेडिओ-नियंत्रित मोटारगाडीत मोटरची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या भागांच्या साखळीस शक्तिवहन यंत्रणा म्हणतात. पिनियन, स्पर गिअर, स्लिपर क्लच, डिफरन्शियल, शाफ्ट आणि बेअरिंग हे तिचे प्रमुख घटक होत. जास्त शक्तीच्या गाड्यांत या भागांची मोडतोड बहुधा संथ झिजेपेक्षा अचानक बसणाऱ्या झटक्याने होते.

हानीची कारणे

२,००० केव्हीची ब्रशलेस मोटर तीन घटांच्या (११.१ व्होल्ट) लिथियम-पॉलिमर बॅटरीवर भाराविना मिनिटाला सुमारे २२,२०० फेरे घेते, चार घटांच्या (१४.८ व्होल्ट) बॅटरीवर सुमारे २९,६००. फेरे एक-तृतीयांशानेच वाढले, तरी फिरत्या भागांतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे पावणेदोनपट होते. गाडी हवेत उसळली असताना थ्रॉटल दाबलेला राहिल्यास जमिनीला टेकताच चाके एकदम अडतात आणि ही ऊर्जा गिअरच्या मोजक्या दातांवर येते.

प्रतिबंधक उपाय

* गिअरची जुळणी: पिनियन व स्पर गिअर यांच्या दातांत कागदाची पट्टी दाबून मोटर घट्ट करतात व नंतर पट्टी काढून घेतात. त्यामुळे दातांत आवश्यक तेवढीच मोकळीक राहते.
* स्लिपर क्लच: झटका बसताच तो किंचित घसरणे अपेक्षित असते. फार आवळल्यास संरक्षण संपते. फार सैल ठेवल्यास तो तापून झिजतो.
* डिफरन्शियल: एक चाक अधांतरी राहून अतिवेगाने फिरू नये, म्हणून त्यात दाट सिलिकॉन तेल भरतात.
* चालवण्याची पद्धत: गाडी टेकण्यापूर्वी थ्रॉटल सोडावा. पूर्ण वेगात असताना एकदम उलट दिशा देऊ नये.

पृष्ठभाग व हवामान

सैल मातीत चाके घसरतात व झटक्याचा काही भाग तेथेच जिरतो. काँक्रीटवर किंवा पेव्हर ब्लॉकवर टायरची पकड घट्ट असल्याने तो भार गिअरवर पडतो. त्यामुळे ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील गृहसंकुलांच्या फरसबंद आवारात गाडी चालवताना थ्रॉटल हळूहळू वाढवणे हितावह ठरते. या भागात जून ते सप्टेंबर दरम्यान मोठा पाऊस पडतो व हवा दमट राहते. गाडीतील विद्युत भाग जलरोधक असले, तरी बेअरिंग तसे असतातच असे नाही. पाणी शिरल्यास त्यांतील वंगण धुपते आणि ते गंजतात. म्हणून ओल्या जागी चालवल्यानंतर गाडी त्याच दिवशी पुसून, वाळवून बेअरिंगला हलके तेल द्यावे लागते. जाम झालेले बेअरिंग वेळीच न बदलल्यास शाफ्ट हलू लागतो, गिअरची जुळणी बिघडते आणि अखेर दात तुटतात.