खुराक आणि मेहनत

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधील कसदार पट्ट्यात इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचे मुख्य गाव वसले आहे. (या गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ साली जाहीर केला.) भोवताली उसाचे मळे, भुईमुगाची आणि सोयाबीनची शेते, आणि गोठ्यांतून दुभत्या म्हशी. अशा मुलखात कुस्तीचा शौक नसता, तरच नवल! शेजारच्या शिराळा तालुक्यातील पुनवत या गावाने गणपतराव आंदळकर दिले. ते १९६० साली ‘हिंद केसरी’ झाले. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी तोच किताब १९६४ साली मिळविला. तत्पूर्वी १९६२ साली जकार्ता येथे भरलेल्या आशियाई क्रीडासामन्यांत या दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्णपदक आणि एक रौप्यपदक जिंकून आणले होते.

आज या भागातील गावांत तालमींच्या जोडीला जिम आल्या आहेत. तांबड्या मातीच्या जागी रबराची जमीन, मुद्गलाच्या जागी लोखंडी वजने आणि समोर भिंतभर आरसा. यांत वाईट काही नाही. स्नायूंना वजन लाकडाचे आहे की लोखंडाचे, हे कळत नाही. परंतु जिमबरोबर आणखी एक वस्तू आली आहे. ती म्हणजे पिंपाएवढा प्लॅस्टिकचा डबा. त्यावर फुगलेल्या दंडांचे चित्र असते आणि आत प्रथिनांची भुकटी असते. ‘डबा घेतल्यावाचून शरीर होत नाही,’ असे नवख्या मुलाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगते. एक किलोच्या डब्याला दोन-तीन हजार रुपये पडतात. ज्या घरात वडील उसाच्या बिलाची वाट पाहत असतात, त्या घराला ही रक्कम लहान नव्हे. तेव्हा डब्यावाचून शरीर खरोखरच होत नाही काय, हे नीट तपासून पाहिले पाहिजे.

पैलवानांनाही खुराक लागत असे, हे खरे. दूध, तूप, बदाम, फळे आणि मांसाहार करणाऱ्यांना मटण, असा तो खुराक असे. बदाम, खसखस, बडीशेप व मिरे दगडी कुंडीत तासभर घोटून थंडाई करीत. हा खर्च मोठा असल्यामुळे पूर्वी संस्थानिक आणि गावोगावचे श्रीमंत लोक मल्लांना पोशीत असत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा मल्लविद्येला मोठाच आश्रय होता. परंतु या खुराकाची दुसरी बाजूही पाहावी लागते. पैलवान पहाटे अंधारात उठे, शेकड्यांनी जोर मारी, हजारावर बैठका काढी, फावड्याने हौदातील माती उकरी आणि मग लढतीस उभा राही. सायंकाळी पुन्हा तेच. खुराक मोठा, कारण मेहनत मोठी. मेहनत सोडली आणि खुराक चालू ठेवला, की त्याच पैलवानाचे पोट पुढे येत असे. असे थकलेले मल्ल गावाने पाहिलेले असल्यामुळे ‘आधी मेहनत, मग खुराक’ हा हिशेब वस्तादांना कोणी शिकवावा लागला नाही.

शास्त्र हाच हिशेब अधिक बारकाईने मांडते. आपल्या शरीरातील स्नायू म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या. या तंतूंवर नेहमीपेक्षा थोडा अधिक भार पडला, की त्यांना ताण पोहोचतो. पुढे विश्रांतीच्या काळात शरीर त्यांची डागडुजी करते, आणि ती करताना पुढच्या खेपेचा भार सोसावा म्हणून त्यांना पहिल्यापेक्षा जरा जाड व बळकट करून ठेवते. म्हणजे स्नायू व्यायाम करताना वाढत नाहीत, व्यायामानंतर वाढतात. म्हणूनच रात्री बारापर्यंत जागून पहाटे वजने उचलणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

भार हळूहळू वाढवीत नेणे, हे यातले मुख्य मर्म होय. प्राचीन ग्रीक लोकांत मायलो नावाचा एक महामल्ल होऊन गेला. तो दररोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासरू दिवसेंदिवस वाढत गेले, तसे त्याचे बळही वाढले, आणि अखेरीस तो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला, अशी दंतकथा आहे. बैलाची गोष्ट खरी मानण्याचे कारण नाही. पण तिच्यात सांगितलेली रीत मात्र खरी आहे.

आता डागडुजी करावयाची, तर सामान हवे. ते सामान म्हणजे प्रथिने. प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची बनलेली असतात. मानवी शरीराला अशी वीस अमिनो आम्ले लागतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. डाळ खा, अंडे खा, अथवा भुकटी दुधात कालवून प्या, पचनानंतर त्या सर्वांची अमिनो आम्लेच होतात. ती कोठून आली, हे स्नायूला ठाऊक नसते.

मग त्या डब्यात असते तरी काय? बहुतेक डब्यांत असतो तो दुधाचाच एक अंश. चीज करताना दुधाचा घट्ट भाग वेगळा काढला, की हिरवट-पिवळसर पाणी मागे राहते. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा या पाण्यात उतरतो. युरोप-अमेरिकेतील कारखाने पूर्वी हे पाणी डुकरांना पाजीत किंवा सरळ नदीनाल्यांत सोडून देत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळण्या निघाल्या. त्यांतून हे पाणी गाळून त्यातील प्रथिने वेगळी करता येऊ लागली. ती वाळवली, की भुकटी तयार. टाकाऊ वस्तू मोलाची झाली, ही गोष्ट कौतुकाचीच आहे. मात्र या भुकटीत जादू नाही. आहे ते दूधच. सोयाबीन, वाटाणा आणि अंडी यांपासूनही अशा भुकट्या बनवितात.

व्यायाम करणाऱ्या तरुणाला प्रथिने लागतात तरी किती? निरोगी प्रौढ माणसाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ठरविलेले प्रमाण आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला एकूण ३२-३३ ग्रॅम पुरतात. वजने उचलणाऱ्या प्रौढाला अधिक लागतात, हे खरे. परंतु किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यास स्नायूंना आणखी लाभ होत नाही, असे दिसून आले आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या तरुणाने भरपूर व्यायाम केला, तरी त्याला अधिकांत अधिक ९६ ग्रॅम लागतील.

हे ९६ ग्रॅम वाळवा तालुक्यातील स्वयंपाकघरात सापडतात का, ते पाहू. दिवसभरात अडीचशे ग्रॅम ज्वारीचे व गव्हाचे पीठ भाकरी-चपात्यांतून पोटात गेले, तर सुमारे २६ ग्रॅम प्रथिने मिळतात. १०० ग्रॅम तांदळाच्या भातातून ७, पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीच्या आमटीतून ११, मूठभर भिजविलेल्या हरभऱ्यांतून १०, चाळीस ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांतून १०, अर्धा लिटर दुधातून १६ आणि दोन अंड्यांतून १२. बेरीज ९२ झाली. त्यात वाटीभर दही घातले, की हिशेब पुरा होतो. अंडी न खाणाऱ्याने शेंगदाणे व उसळ वाढवावी, किंवा भाकरीच्या पिठात सोयाबीनचे थोडे पीठ मिसळावे. भुकटीच्या एका मापातून साधारण २४ ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढीच प्रथिने शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत, चार अंड्यांत किंवा पाऊण लिटर दुधात असतात.

येथे भाकरी आणि आमटी यांच्या जोडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी लायसीन हे ज्वारीत व गव्हात कमी असते. डाळींत ते भरपूर असते. उलट मेथिओनीन डाळींत कमी आणि धान्यांत पुरेसे असते. एकाचे उणे दुसरे भरून काढते. भाकरीबरोबर आमटी किंवा झुणका खाण्याची रीत पाडणाऱ्या बायकांनी अमिनो आम्लांचे नावही ऐकले नव्हते. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्या नेमक्या जागी पोहोचल्या होत्या. १९२० च्या दशकात निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन या शास्त्रज्ञाने भारतातील निरनिराळ्या लोकांचा आहार उंदरांच्या गटांना देऊन त्यांची वाढ मोजली. पोळ्या, दूध, लोणी, डाळी व भाज्या असा शिखांचा आहार खाणारे उंदीर सर्वांत चांगले वाढले. दुसरा क्रमांक पठाणांच्या आहाराचा आणि तिसरा मराठ्यांच्या आहाराचा आला. त्याच प्रयोगशाळेची पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. ती १९५८ साली हैदराबादला गेली. या संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत, स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेऊ नयेत, असा स्पष्ट सल्ला दिला आहे.

अर्थात डब्याला सरसकट दोष देणेही न्यायाचे होणार नाही. वर मांडलेले ताट प्रत्येक घरात रोज वाढले जातेच, असे नाही. पुष्कळ ठिकाणी भाताचा ढीग मोठा आणि आमटी पातळ असते. दूध संघाला जाते, आणि घरातल्यांना चहापुरते उरते. तेथे प्रथिने खरोखरच कमी पडतात. पण ज्या पैशांत एक डबा येतो, त्या पैशांत महिनाभराची डाळ, शेंगदाणे व हरभरे येतात, आणि तेही एकट्या मुलाला नव्हे, तर सबंध घराला पुरतात. आजारातून उठलेल्या, गिळण्याचा त्रास असलेल्या किंवा अन्न जात नसलेल्या वृद्ध माणसाला वैद्य अशी भुकटी देतात. तेथे ती उपयोगी पडते. क्रिएटिन नावाच्या दुसऱ्या एका पूरकामुळे थोड्या वेळात मोठा जोर लावण्याच्या कामी प्रौढांना थोडा लाभ होतो, असेही आढळले आहे. वाढत्या वयाच्या मुलांनी मात्र ते आपल्या मनाने घेऊ नये.

गरजेपेक्षा अधिक प्रथिने खाल्ली, तर काय होते? शरीराला ती धान्यासारखी कणगीत साठवून ठेवता येत नाहीत. यकृत त्यांतील नायट्रोजन बाजूला काढून त्याचा युरिया बनविते, मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात, आणि उरलेला भाग इंधन म्हणून जळतो किंवा चरबी होऊन बसतो. महाग भुकटीचा बराचसा भाग अशा रीतीने मोरीत जातो. ज्याची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत, त्याला तर ही चैन अपायकारकच होते.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. डब्यावर जे छापलेले असते, तेच आत असेल, याची खात्री नसते. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने १३ देशांतून आणलेल्या ६३४ पूरकांची तपासणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ९४ पूरकांत वेष्टनावर न छापलेली संप्रेरकजन्य द्रव्ये सापडली. म्हणजे दर सातांत जवळजवळ एक. अशी द्रव्ये खेळांत निषिद्ध आहेत. पुरुषत्वाचे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक १९३५ साली प्रयोगशाळेत तयार करण्यात आले, आणि त्याच्यासारखीच ‘स्टेरॉइड’ नावाची औषधे पुढे निघाली. ती रोग्यांसाठी आहेत. शरीर झटपट फुगावे म्हणून निरोगी माणसे ती चोरून घेतात, तेव्हा यकृत व हृदय यांना इजा पोहोचते. किशोरवयात तर त्यांचा आणखी एक दुष्परिणाम होतो. हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात. त्यांच्यामुळे उंची वाढते. स्टेरॉइडांमुळे हे पट्टे वेळेआधीच हाड बनून मिटतात, आणि मग उंची कायमची खुंटते. दंड मिळविण्यासाठी उंची गमावण्याचा हा व्यवहार पुन्हा फिरवता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक ज्या डब्यावर नाही, तो डबा कोणत्याही वयाच्या माणसाने हाती धरू नये. बिननावाच्या पुडीत मिळणाऱ्या भुकटीची तर गोष्टच नको.

शरीर कमावणे म्हणजे शरीर फुगविणे, ही समजूत आरशाने दिलेली आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हे मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. पुढील चार वर्षे त्यांनी तयारी केली, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताला एका खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्या काळी या भागात असले डबे कोणाला ठाऊक नव्हते. खाशाबांची उंची बेताची होती. ज्या गटात ते लढले, त्या गटातील मल्लाचे वजन ५७ किलोच्या वर जाऊन चालत नसे. म्हणून आखाड्यात उतरण्यापूर्वी त्यांना तराजूवर उभे राहून आपण त्या मर्यादेच्या आत आहोत, हे दाखवावे लागले होते.