दोन आकड्यांत अडकलेला कार्यकारी संचालक

फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेचा किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये ठरला. २०२५-२६ चा हंगाम सुरू झाला तेव्हाही तो तेवढाच होता. दरम्यान उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) टनाला २,७५० रुपयांवरून ३,५५० वर गेली. पायाभूत उतारा १० वरून १०.२५ टक्के झाला, एवढाच काय तो कारखान्यांना दिलासा. या उताऱ्याने टनभर उसातून १०२.५ किलो साखर निघते आणि ३१ रुपयांनी तिचे ३,१७७ रुपये होतात. म्हणजे उसाच्या किमतीतच ३७३ रुपयांची तूट. बाजारभाव किमान दराच्या वर असतो, मळी-बगॅसचेही पैसे येतात हे खरे. पण पगार, व्याज आणि प्रक्रिया खर्च या हिशेबात अजून धरलेलाच नाही.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. त्या अहिल्यानगर जिल्ह्यात आज कारखाना चालवणाऱ्या कार्यकारी संचालकाच्या, म्हणजे एम.डी.च्या हातात यातला एकही आकडा नाही. उसाचा दर केंद्र ठरवते, महिन्याला किती साखर विकायची तो कोटाही केंद्रच देते. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वार्षिक १५ टक्के व्याज. एक कोटी थकले तर महिन्याला सव्वा लाख. शेतकऱ्याचा हा हक्कच आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एफआरपीचे दोन हप्ते करणारा राज्याचा २०२२ चा निर्णय रद्द केला, ते योग्यच झाले.

मग हातात उरते काय? पगाराची तारीख, सुट्या भागांची खरेदी आणि ऑफ सीझनमधले ओव्हरहॉलिंग. कात्री इथेच लागते. समजा गाळप ५ लाख टन आहे आणि रखडलेल्या दुरुस्तीमुळे उतारा फक्त ०.१ टक्क्याने घसरला. ५०० टन साखर गेली. ३१ रुपयांनी १ कोटी ५५ लाख. वाचवलेली रक्कम दुरुस्तीच्या खात्यात लगेच दिसते. गेलेली साखर मात्र कोणत्याच खात्यात दिसत नाही, तिचा दोष उसाच्या जातीवर किंवा पावसावर जातो.

व्यवस्थापनाचे अभ्यासक ख्रिस आर्जिरिस यांनी १९५२ मध्ये अमेरिकी कारखान्यांतल्या अशा दबावाबद्दल लिहिले: अंदाजपत्रकाचा धाक वाढला की पर्यवेक्षक आपापल्या विभागापुरतेच पाहतात, एकमेकांवर दोष ढकलतात आणि हिशेब विभागाशी त्यांचे खटके उडतात. १९७२ मध्ये हिशेबशास्त्राचे अभ्यासक अँथनी हॉपवूड यांना आढळले की केवळ खर्चाच्या मर्यादेवरून जोखले जाणारे अधिकारी अधिक तणावात असतात, सहकाऱ्यांशी त्यांचे बिघडते आणि आकडे फिरवण्याकडे त्यांचा कल वाढतो. दूरच्या फायद्याचाही विचार करून जोखल्या जाणाऱ्यांत हे कमी होते. माझ्या मते हा फरक आपल्या कारखान्यांसाठी सर्वांत मोलाचा आहे. चीफ इंजिनिअर आणि चीफ अकाउंटंट एकाच टेबलावर भांडतात तेव्हा दोघेही आपापल्या खात्यापुरते बरोबर असतात.

वार्षिक सभेत सभासद पहिल्या उचलीचा आकडा विचारतो, विचारायलाच हवा. त्याच्या हातातल्या अहवालात आणखी तीन आकडे शेजारी-शेजारी छापावेत: दुरुस्तीसाठी मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि यंत्रातील बिघाडामुळे गाळप बंद राहिलेले तास. एम.डी.ला दुरुस्तीसाठी पैसे मागताना मग संचालक मंडळासमोर एकट्याने उभे राहावे लागणार नाही.